अकरा दहाची धूळ

—नाही नाही मॅडम, रिपोर्टमध्ये ते ‘लाइन विनाकारण थांबते’ असलं काही लिहू नका हो. विनाकारण कसं? कारण आहे की. धूळ. पट्ट्यावरून बाटली आली-गेली बघणारा तो डोळा आहे ना, सेन्सर, त्याच्यावर धूळ बसते. रोज. अकरा वाजून दहा मिनिटांनी. — आता धुळीला घड्याळ कसं कळतं असं विचारणार तुम्ही, भुवईवरूनच दिसतंय — तर त्या वेळेला मागचं दार उघडतं, ट्रक येतो. काल ट्रक नव्हता? मग पंख्यानं असेल. हे बघा, लाइन थांबली की मी जातो, खिशातून रुमाल काढतो, सेन्सर पुसतो, एक फुंकर मारतो, की बरोबर चार मिनिटांत पट्टा चालू. नऊ वर्षं. साहेबांनी प्रशस्तिपत्र दिलंय मला, ‘तत्पर सेवा’ म्हणून, घरी टीव्हीच्या वर लावलंय. कारखान्यात पाहुणे आले की साहेब मला बोलावून त्यांच्यापुढे उभा करतात.

तो जुना पीएलसी जरा आत सरकवा, टेबलावरून पडायचा. या बाटल्यांच्या लाइनचा मेंदू होता तो इतकी वर्षं. आज सकाळी तुम्ही काढलात, नवा बसवलात — बसवा, त्याचं वय झालंच होतं. पण त्याच्यातला प्रोग्राम तुम्ही वाचलात का हो? सगळा? ओळ न ओळ? — शेवटची पण? हं. आता त्या ओळीला ‘धूळ’ नाव कुणी दिलं मला काय ठाऊक. आधीचा इंजिनिअर तसलाच होता, पासवर्डची चिठ्ठी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून गेला. मी तर ती कधी वाचली पण नाही. आणि वाचली असती तरी लक्षात राहण्यासारखं काय होतं त्यात — बायकोचं नाव, पुढे दोन शून्य आणि मग सात.

बरं. मी लिहिली ती ओळ. झालं? अकरा दहाला थांब, चार मिनिटांनी चालू हो. एवढंच सांगितलंय तिला, कुणाचं घर नाही बुडवलं.

बायका नऊ ते एक उभ्या असतात तिथं. सलग. त्यातली ती कोपऱ्यातली, डोक्याला निळा रुमाल, आवाज इथपर्यंत येतोय ती — काल लाइन थांबली तेव्हा तुम्ही तिच्याच शेजारी क्रेटवर बसला होतात — ती माझी थोरली बहीण. अक्का. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. तिनंच वाढवलं, तिनंच वायरमनच्या कोर्सला घातलं, इथं चिकटवलं तेही तिनंच. गुडघे गेलेत तिचे. नऊ वर्षांपूर्वी साहेबांकडे स्टूल मागायला गेली, तर साहेब म्हणाले, बसलं की हात मंदावतात. परत नाही गेली. अक्का कुठलीही गोष्ट एकदाच मागते. मग मी म्हटलं, माणसाला बसू देत नाहीत ना, मशीनलाच बसवू.

तिला यातलं काही ठाऊक नाही हं. पट्टा थांबला की ती क्रेट उपडा घालते, पाय लांब करते आणि बसल्या बसल्या माझा उद्धार — ‘धाकट्या, एक मशीन धड राखता येत नाही तुला, कशाला शिकवला मी?’ चार मिनिटं अखंड. आणि मी आपला सेन्सर पुसतोय. पुसायला काही नसतं हो, लख्ख असतो तो. पण पाठमोरा उभा राहून ते बोलणं ऐकताना जे बरं वाटतं ना, ते त्या प्रशस्तिपत्रानं नाही वाटलं कधी.

नोकरी गेली तर जाऊ दे माझी. — खोटं बोललो, जाऊ नये. पण तिचे चौदा महिने राहिलेत, मॅडम, मग ती घरी. आणि साहेब सगळ्यांना सांगत फिरतायत की नव्या मशीनला धूळ चालते. चौदा महिने सलग उभी राहील का ती, तुम्हीच सांगा. अकरा नऊ झाले. बघा, पट्टा कसा पळतोय. आता दहा होतील, आणि ती क्रेटकडे हात नेईल, आणि —

थांबला.

थांबला मॅडम. जुना तर इथं टेबलावर पडलाय, वायरी सुटलेल्या. — बसली बघा. ऐका, ‘नवं आणलं तरी याच्या हाताला यश नाही.’ तुम्ही काय दाखवताय स्क्रीनवर? नव्यात पण ‘धूळ’? तुम्ही घातलीत? आणि ही सहा मिनिटं कुठली? माझी चारच होती. — कुणी मागितली सहा?

अक्कानं?

काल क्रेटवर? म्हणजे तिला ठाऊक — कधीपासून? पहिल्या दिवसापासून? मग तो माझा रोजचा उद्धार, नऊ वर्षं, तो सगळा —

हसू नका. साहेब जिना उतरतायत. तुम्ही स्क्रीनकडे बघत बसा, काळजीत असल्यासारख्या. मी सेन्सर पुसायला जातो. आज जरा सावकाश पुसतो.