चेष्टा करते रहो

—आणि रडायचंच असेल तर तिकडे ओव्हनपाशी रड, प्राची, इथे माझं आयसिंग ओलं होईल. हा तुकडा खा, कडेचा आहे, कापून टाकतोच आम्ही. आईनेच पाठवलंय ना तुला, नंदाकाकूंनी? का पाठवलंय तेही माहीत आहे मला. ‘जा, संपदाला बघून ये, कॉलेज सोडलं की काय होतं ते दिसेल.’ बघ मग, नीट बघ. ॲप्रन, टोपी, द्वारकेतली बेकरी, वर एसी. तुमच्या आर. के. पुरमच्या समस्त काका-काकूंपेक्षा आज मी खूश आहे, कारण हा केक — नाही, आधी गोष्ट ऐक, नाहीतर मजा जाईल.

तुला कॉलेजात तुझ्या त्या व्हिडिओवरून छळतात, मला एका शब्दावरून छळलं. क्लासच्या ग्रुपवर माझ्या डब्यावरून चिडवणं चाललं होतं, मी रागात लिहिलं — ‘मेरी चेष्टा मत करो’. झालं. घरात मराठी, बाहेर दिल्लीची हिंदी, डोक्यात खिचडी. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, यार. म्हणजे सगळ्या वर्गाला मी सांगितलं, माझा प्रयत्न करू नका. अनुराग म्हणून एक होता, त्याने लगेच स्टिकर बनवला — माझा आयकार्डवरचा फोटो, खाली ‘एक चेष्टा तो बनती है’, म्हणजे हिच्यावर एक प्रयत्न तर झालाच पाहिजे. मग पोरं मेसेज करून चेष्टा करायला लागली, दोन्ही भाषांतली. आणि मी काय केलं? हसणारा इमोजी टाकला. स्वतःच्याच स्टिकरवर. तूही टाकलास, खोटं बोलू नकोस, सगळे टाकतात. नाही हसलं तर म्हणतात हिला मजाक समजत नाही.

मग कॉलेजच्या तक्रार कमिटीतल्या मॅडमकडे गेले, तर घाबरून तोंडातून पुन्हा तेच — ‘मॅम, सब मेरी चेष्टा करते हैं.’ मॅडम म्हणाल्या, चेष्टा तो करनी ही चाहिए बेटा, तुम भी करो. हस, हस, मलाही हसू येतं आता. आणि आमचे शशिकांतराव, माझे पूज्य पिताजी, जन्मभर ऑफिसात हिंदी फायली तपासतायत — सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘शब्द चुकला तुझा. उपहास म्हणायचं.’ आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ही आपली मोठी माणसं. पोरगी बुडत असेल तर काठावर उभं राहून तिचं व्याकरण तपासतील.

सोडलं कॉलेज. बिल्कुल वाईट नाही वाटलं. आता वाच, केकवर काय लिहायचंय — ‘चेष्टा करते रहो, अनुराग.’ वाढदिवस आहे त्याचा, सगळे मिळून मागवतायत, आणि लिहिणारी कोण ते एकालाही माहीत नाही. माझाच शब्द, माझ्याच हाताने, पायनॅपलवर. सकाळपासून वेड्यासारखी हसतेय. सकाळी ग्रुपवर भांडण चाललं होतं, चॉकलेट की पायनॅपल, आणि मी मनात म्हणतेय, पायनॅपल घ्या रे, पांढऱ्यावर अक्षर छान उठतं —

कुठल्या ग्रुपवर म्हणजे?

क्लासच्या. हो, आहे मी अजून. कॉलेज सोडलं, ग्रुप नाही सोडला. म्यूट केलाय. रोज नाही वाचत — वाचते रोज. माझं नाव आलं तर? येत नाही पण. शब्द राहिला, मी गेले. नव्या पोरांना वाटतं अनुरागचाच आहे तो शब्द.

फोन उलटा ठेव माझा. आणि असं बघू नकोस, अगदी नंदाकाकू दिसतेस.

डबा धर. घट्ट. खाली जागा आहे थोडी — घालू नाव? घालते. सं-प-दा. काना वाकडा आला. येऊ दे.

ती बघ, आली सगळी. निळ्या शर्टातला तोच. तू निघ आता. मेट्रोने जा, आणि उद्या कॉलेजला जायचं, कळलं? काकूंनी विचारलं तर सांग, संपदा फार मजेत आहे. जा म्हटलं ना.

हां जी, आइए. आपका ही है. डिब्बा खोल देती हूँ — नाम एक बार पढ़ लीजिए.