मान हलवायचा रकाना

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर हेमाताई आणि त्यांची शेजारीण ऋचा बसल्या होत्या.

"उद्या आईचं ऑपरेशन, आणि तुमची रजा अजून अडकलेलीच?"

"अडकणारच! साहेबांनी ऑफिसात सगळ्या मंजुऱ्यांसाठी नवं सॉफ्टवेअर आणलं. म्हणाले, कोणतं काम कोण करतं ते लिहून द्या. मी लिहिलं, सगळ्यांच्या रजा मी मंजूर करते."

"बरोबरच आहे की."

"मग माझा अर्जही माझ्याकडेच आला! आणि वर म्हणतंय, स्वतःची रजा स्वतःला देता येणार नाही."

"साहेबांना सांगा ना."

"सांगितलं. म्हणे, सिस्टीमच्या बाहेर मी काही करत नाही."

"आधी स्वतःच्या रजेसाठी काय करायचात?"

"त्यांच्या दारातून डोकं आत घालून विचारायचे. ते मान हलवायचे."

"मग तेच लिहायचं होतं."

"मान हलवणं कुठल्या रकान्यात लिहू गं? वीस वर्षं राबले, आणि आता आईपाशी बसायला यंत्राची परवानगी!"

हेमाताईंचा फोन वाजला.

"बोला साहेब... तुमची रजा? हो, आलीय ना माझ्याकडे. गोव्याची तिकिटं आजचीच का? मग असं करा, दवाखान्यात या, दारातून डोकं आत घाला आणि विचारा. मान हलवायची की नाही, ते मी बघते."