आक्रसलेलं समुद्रफूल

शोभेच्या माशांच्या दुकानात रांग होती. पुढच्या नणंद-भावजयीची कुजबुज मागच्यांना चांगली ऐकू येत होती.

"वहिनी, दादाच्या टाकीतलं समुद्रफूल मेलं कसं गं?"

"आक्रसून लिंबाएवढं झालं. मला वाटलं, गेलं. टाकून दिलं. तो गावाहून यायच्या आत दुसरं नेऊन ठेवते."

दुकानदाराने मान वर केली. "ताई, वास सुटला होता?"

"नाही."

"मग जिवंत होतं. दिसायला फूल, पण तो प्राणीच. मेलं की नाक धरावं लागतं. पोटातली घाण सोडायला ते असंच आक्रसतं, मग परत फुलतं."

"जाऊ दे गं वहिनी, तुला काय माहीत? हे घे. अगदी तसंच आहे. दादाला पत्ताही लागणार नाही."

वहिनीने नव्या समुद्रफुलाची पाणी भरलेली पिशवी परत सरकवली.

"नको. कचऱ्याच्या डब्यात ते हललं होतं गं. मी वरून झाकण दाबलं."