चष्मा काढून काढलेला फोटो

– नाही, तो स्टूल नको, त्याचा पाय डुगडुगतो, इकडे बसा. वही तुमचीच, तयार आहे, पण नाव मी तुमच्यासमोर घालणार – हो, मीच, माझ्या हातानं. चपापलात ना? वाटलंच मला. त्या मोबाइलवरच्या पानावर तुम्ही वाचलंत, बाई निरक्षर, पन्नास वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवते, पण एक ओळ वाचता येत नाही. डोळ्यांत पाणी आलं असेल. येणारच, लिहिलंय झकास. माझ्या नातीनं लिहिलंय.

आता ऐका. शाळेची पायरी मी चढले नाही, ते खरं. पण बायंडिंगला आलेलं पुस्तक मी वाचल्याशिवाय शिवलं नाही – पानं सुटी असतात ना, एकीकडे खळ वाळत्येय, एकीकडे मी वाचत्येय. कायद्याची वाचली, गुरांच्या रोगांची वाचली, एका कवीच्या कविता तर त्याच्या बायकोच्या आधी वाचल्या. आणि ह्या नातीला अक्षर कुणी शिकवलं? मी. ह्याच टेबलावर, पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर. 'अ' काढताना जीभ बाहेर यायची तिची.

कापायचं मशीन मोडलं तेव्हा तीच म्हणाली, आजी, ऑनलाइन मागू लोकांकडे, जे देतील त्यांना तुझ्या हातची वही. म्हटलं, भीक नको. म्हणाली, भीक कसली, वहीचे आगाऊ पैसे समज. पटलं मला. आणि आधी तिनं खरं तेच लिहिलं होतं हो – वाचणारी बायंडर म्हणून. वीस दिवस. अकरा जणांनी दिले, त्यातले चार घरचेच. मग एक दिवस म्हणते, चष्मा काढ, खिडकीकडे बघ, हसू नकोस. काढला मी चष्मा, फोटो तर फोटो. आठवड्यात आकडा भरला. मशीन आलं – ते काय, चादरीखाली. एक कागद कापला नाही मी त्यावर. महिना झाला, नातीशी बोलत नाही.

मला कधी कळलं? नंतर कळलं. म्हणजे – सगळ्यांना मी तसंच सांगत्येय. पण आता निघालंच आहे तोंडातून तर ऐका. पान बदलायच्या आधी तिनं फोन माझ्यापुढे धरला होता. चष्मा लावून मी तो शब्द वाचला. निरक्षर. काही बोलले नाही. मशीनची गरज होती, ती होतीच, पण त्यासाठी नाही गप्प बसले – मला वाटलं, माझ्याकडून अक्षर शिकलेली पोर आहे, ह्या शब्दावर बोट अडेल तिचं. तिच्या बोटाकडेच बघत होते मी. नाही अडलं.

असो. नाव सांगा तुमचं. सावकाश, चुकायला नको.

हं.

त्या अकरांत नव्हतं हे नाव. पाठ आहेत मला ती अकरा.

नाही, काही बोलू नका. घ्या वही. शाई ओली आहे, लगेच मिटू नका. आणि जाताना दार ओढून घ्या.