आधीचा भाग

तपासणीच्या खोलीबाहेर सहा खुर्च्या होत्या आणि दोनच बायका बसल्या होत्या, वहिनी आणि नणंद. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना लाइफ कोच पुन्हा उभं करतात, अशा टीव्हीवरच्या कार्यक्रमात वहिनीची निवड झाली होती. त्यासाठी रक्तदाबाचा दाखला हवा होता. आतल्या तंत्रज्ञ मुलीने पट्टा हातात घेतला, पण बाहेरचं बोलणं ऐकत हाक मारली नाही.

“कोचबाई काय म्हणाल्या, वहिनी?”

“शिवणाचं दुकान आठवडाभर बंद ठेवा, पाटी उतरवा. आधी खचलेल्या दिसा, मग आम्ही दुकान काढून देतो.”

“अगं, पण तुझं दुकान तर धो धो चालतंय!”

“तेच म्हटलं. तर म्हणाल्या, तुम्ही आधीच सावरलात तर आम्ही काय दाखवायचं?”

“आणि दादाचं?”

“तो गेला ते रडत सांगायचं. काल आरशासमोर रडून बघितलं, तर हसूच फुटलं.”

“तू टीव्हीवर येणार म्हणून मी अख्ख्या गल्लीत सांगून बसलेय गं!”

“मग तूच जा. तुझा चेहरा तयारच आहे.”

“वहिनी!”

“शिवायला कपडे टाकून गेलेल्या बायकांना काय सांगू? खचायला गेले होते म्हणून?”

नणंदेने पर्समधून फोन काढून वहिनीच्या हातात दिला.

“लाव फोन. नाही म्हणून टाक.”

“हॅलो, कोचताई? मी येत नाही. नाही हो, भीती कसली? दुकान उघडायचंय.”

“चल, आता दाखला कशाला?”

“आलोच आहोत तर बघून घेऊ.”

मुलीने हाक मारली, वहिनीच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा वाचला. वरचा एकशे अठरा, खालचा शहात्तर.