आधी अंगठा, मग आग

नाही, पण मी म्हणतो, मीच का? ऑफिसात एवढी माणसं, त्यातली तिघं तर रोज सकाळी व्यायामशाळेत जाऊन दंड फुगवून येणारी, आणि फायर सेफ्टीचा प्रमुख कोण, तर मी! जिना चढताना मधल्या मजल्यावर पाट्या वाचायच्या निमित्ताने दम खाणारा मी! कारण काय, तर ज्या मीटिंगमध्ये नेमणूक झाली तिला मी गैरहजर होतो. दाढ काढायला गेलो होतो हो! परत येतो तर गाल सुजलेला, तोंडात कापूस, आणि टेबलावर लाल हेल्मेट. साहेब म्हणाले, "अभिनंदन! काही हरकत?" आता तोंडात कापूस असलेला माणूस हरकत घेणार कशी? तुम्हाला सांगतो, आग परवडली हो... पण ही माणसं!

बरं, आमचं ऑफिस कसलं? विम्याचं. त्यातही आगीच्या विम्याचं! दिवसभर फोनवरून लोकांना घाबरवायचं, "अहो, तुमच्या दुकानात आग लागली तर?" आणि स्वतःच्या संकटकाळच्या जिन्यात काय ठेवायचं, तर जुन्या फायली, मोडक्या खुर्च्या, आणि वरच्या पायरीवर काकांची गादी. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने कारकून, जेवण झालं की तिथे आडवे होतात. मी म्हटलं, "काका, हा बाहेर पडायचा रस्ता आहे." तर कूस बदलून म्हणतात, "पडा की मग. मी कुठे धरून ठेवलंय? मला ओलांडून जा." आणि तो लाल सिलिंडर, आग विझवायचा, तो कुठे? दार आपटतं म्हणून दाराला टेकू! वाळूच्या बादलीत कुणीतरी रोप लावलेलं, तेही चांगलं फोफावलेलं. मी उपटायला गेलो तर सगळ्या जणींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू आग मीच लावलीय. ठेवलं तसंच.

तर एकदा फायर ब्रिगेडचे अधिकारी आले, सराव बघायला. मी शिट्टी फुंकली, घंटा वाजली, आणि काय सांगू, अख्खं ऑफिस उठलं! गडबड नाही, गोंधळ नाही, सगळे शिस्तीत दाराकडे निघाले. माझी छाती फुगली हो, हेल्मेट जरा तिरकं केलं... आणि दाराशी सगळे थांबले. का? अंगठा! आमच्याकडे दाराशी अंगठ्याचं मशीन आहे. आत येताना अंगठा, बाहेर जाताना अंगठा, आणि अंगठा न लावता उंबरा ओलांडलात की अर्धी रजा गेली. लागली रांग! अधिकारी घड्याळाकडे बघतायत, रांगेकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत. "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "बाहेर पडतायत." ते म्हणाले, "पुढच्या खेपेला हे दिसलं ना, तर ऑफिसला सील ठोकीन. आणि खरी आग लागली, एखादा आत राहिला, तर जबाबदार कोण? तुम्ही!"

आता झोप लागेल का माणसाला? गेलो हजेरीच्या मॅडमकडे. मॅडमचा आवाज कधी चढत नाही, तीच तर भीती. म्हटलं, "मॅडम, आग लागली तर अंगठ्याची सूट द्या." तर अगदी शांतपणे, चष्मा पुसत... "असं कसं? आग लागली म्हणून उद्या कुणीही उठून बाहेर जाईल."

"अहो, तोच तर उद्देश आहे!"

"मग आधी अर्ज करा."

"आग काय सांगून येणारे?"

"मग मंजूर कशी होणार?"

घरी येऊन हिला सांगितलं, तर सहानुभूती राहिली बाजूला, ही म्हणते, "तुम्हाला दुधाखालचा गॅस बंद करायचं लक्षात राहत नाही, तुम्ही कुणाला वाचवणार?" आग परवडली हो, खरंच परवडली!

आणि लागली. खरी! चहाच्या खोलीत एकच एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर किटली, त्यावर ओव्हन, त्यावर पंखा, आणि उरलेल्या भोकांत सगळ्यांचे मोबाईल. मी सतरांदा बोललो होतो, पण ऐकतो कोण? फट्ट झालं, आणि धूर... काळाकुट्ट! मेन स्विच पाडला, शिट्टी फुंकली, ओरडलो, "पळा!" आणि सगळे पळाले. कुठे? मशीनकडे! वीज गेली तरी त्याला बॅटरी आहे ना! लागली रांग. आणि रांगेत पहिले कोण, तर काका, ज्यांचा अंगठा त्या मशीनने आजवर पहिल्या झटक्यात कधी ओळखलेला नाही. काका अंगठा शर्टाला पुसतायत, फुंकर मारतायत, आणि मशीनमधली बाई गोड आवाजात म्हणतेय, "कृपया पुन्हा प्रयत्न करा." मागे धूर छतावरून पुढे सरकतोय, माणसं खोकतायत, पण रांग सोडायला कुणी तयार नाही! मी म्हटलं, "अहो, जीव वाचवा!" तर मागून कुणीतरी, "तुमचं ठीक आहे, तुमच्या रजा शिल्लक आहेत!"

खोटं कशाला सांगू, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. ही माणसं रांगेत मरतील आणि तीही नंबराने, हे मला स्पष्ट दिसलं. मग मी काय केलं असेल? मशीनच उपटलं! भिंतीतून, स्क्रूसकट! छातीशी कवटाळलं आणि जिन्याने सुटलो... आणि अख्खं ऑफिस माझ्या मागे! काका गादी ओलांडून, मॅडम चप्पल हातात घेऊन, "अहो, मशीन! अहो, मशीन!" व्यायामशाळेवाले मागे पडले, बोला! खाली मोकळ्या पटांगणात मी मशीन धरून उभा, आणि एकेक जण धापा टाकत येतोय, अंगठा लावतोय, बाजूला होतोय. काकांचासुद्धा लागला. म्हटलं, सुटलो!

तेवढ्यात फायर ब्रिगेड आली. तेच अधिकारी. "सगळे बाहेर?" मी म्हटलं, "सगळे!" तर मॅडम मशीनच्या पडद्याकडे बघून, त्याच आवाजात... "एक जण आत आहे."

कोण राहिलं? बाथरूम बघायचं राहिलं होतं माझ्याकडून... कुणाची बायको घरी वाट बघत असेल, आणि मी इथे एक डबडं कवटाळून उभा! ओरडलो, "अहो, वर माणूस आहे, वाचवा त्याला!" दोन जवान तोंडाला मुखवटे लावून त्या धुरात शिरलेसुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "मॅडम, नाव तरी सांगा त्या बिचाऱ्याचं!"

मॅडमनी चष्मा वर केला. "तुमचंच."

अहो, दोन्ही हातांनी मशीन धरलेलं, मी अंगठा लावणार कशाने? वरून जवान माझ्या नावाने हाका मारतायत, आणि मी खालून "ओ" देतोय! घाईघाईने मशीन काकांच्या हातात दिलं, अंगठा पुसला, टेकवला... "कृपया पुन्..." आणि बॅटरी संपली.

आग विझली. चहाची खोली सोडली तर काही जळलं नाही, माणसांना खरचटलंसुद्धा नाही, ऑफिसला सीलही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा भिंतीवर. मी अंगठा लावला, तर मशीन घेईना. मॅडमकडे गेलो. म्हणाल्या, "कसं घेईल? काल तुम्ही बाहेर पडल्याची नोंदच नाही. रेकॉर्डप्रमाणे तुम्ही अजून वरच आहात, धुरात."

म्हटलं, "मग काढा मला बाहेर."

"अर्ज करा."

केलाय. वर गेलाय. तुम्हाला सांगतो, आग परवडली हो... तिच्यातून निदान बाहेर तरी पडता येतं.