ताई मधे उभी राहिली

हॅलो? … तेजे, बोल. … व्हय, ड्यूटीवरच हाय. शनिवार न्हवं का, समदी मुंबई लोणावळ्यात उतरलीय. रिसेप्शनला मी एकटीच. तू जेवलीस? … मग आवाज आसा का येतोय? … एक मिनिट हां. सर, रूम दो सौ तीन, लिफ्ट से राइट… हां, बोल.

मुलाखतीचं? ती तर झाली की मागल्या महिन्यात. बरी गेली म्हणलीस. … मंजी? समदं सांगितलं न्हवतंस? मग आता सांग.

तात्यांचं विचारलं का? … विचारलं ना! मी म्हणलं हुतं का न्हाई? एमबीएला मार्क समद्यांनाच आसत्यात, तितं बघत्यात पोरगी कशातनं वर आली. म्हणून तर तुझ्याकडनं पाठ करून घेतलं. वडिलांचा टेंपो घाटात उलटला, मी पाचवीत होते, आई दुसऱ्याच्या रानात जायची… व्हय, तेच. मग? सांगितलंस?

न्हाई सांगितलंस?

का गं? … अगं ऐक ना… न्हाई, तू ऐक. भीक न्हवती ती. घडलं ते सांगायचं, त्यात लाज कसली? … मग काय म्हणलीस त्या मॅडमला? … "मला काहीच सोसावं लागलं न्हाई"? तेजल! बाप न्हाई तुला, आन् काही सोसलं न्हाई म्हणतीस? हाताशी आलेली जागा घालवलीस का काय…

बरं. बरं, न्हाई वरडत. बोल.

काय म्हणलीस? … परत बोल, हितं लय गोंगाट हाय. … "अडचण घरात आली, पर माझ्यापत्तर आलीच न्हाई. ताई मधे उभी राहिली."

माझं कशाला काढलंस गं तितं, एवढ्या शिकलेल्या लोकांत? … नावानिशी? माधवीताई म्हणून? … आन् काय काय सांगितलंस? चिक्कीच्या कारखान्यातलं? … बोटं चिकटायची ते बी? या बया! … दवाखान्याचं? कुठल्या दवाखान्याचं? … तुला कुणी सांगितलं? आईनं? … अगं, टायफॉईड तर हुता. आन् तुझी बारावी चालू. कळलं आसतं तर अकौंटचा पेपर टाकून आंबीच्या घरातनं तळेगावच्या दवाखान्यात पळत आली आसतीस. म्हणून आईला म्हणलं, सांग तिला, ताई हॉटेलच्या ट्रेनिंगला महाबळेश्वरला गेलीय. … व्हय, सलाईन लावलेल्या हातानंच फोन करायची तुला. "हितं लय थंडी हाय" म्हणायची. … हसू नको! खरंच वाजत हुती थंडी.

मग ते काय म्हणले? … मुलाखतीतले सर म्हणले, "मग ही जागा तुझ्या ताईलाच द्यायला पाहिजे"? आन् तू? … "द्या सर, ती माझ्यापेक्षा हुशार हाय"? अगं ये भवाने! मुलाखतीला गेलतीस का माझं लग्न जमवायला?

थांब. … यस मॅम, वाय-फाय का पासवर्ड कार्ड के पीछे है… बोल.

मग पुढं? … मॅडमनं आणिक काय विचारलं? … मला? मला काय व्हायचं हुतं, हे? … मग? … माहीत न्हाई म्हणलीस. बरोबरच हाय, तुला कुठनं माहीत आसणार? लहान हुतीस. … न्हाई गं, विचारलं न्हाईस म्हणून काय झालं? … आता रडू नको. रस्त्यात हायस का? बाजूला हो आधी.

जाऊ दे ती मुलाखत. दुसरीकडं फॉर्म भरू. पुण्यात काय एकच कॉलेज… काय? … लागला? कधी? … दुपारी? आन् मला आत्ता सांगतीस? आधी निकाल सांगायचा का आधी हे रामायण? … घेतलं? तुला घेतलं?

घेतलं!

…नहीं नहीं सर, कुछ नहीं हुआ. बहन है मेरी, एमबीए में एडमिशन मिला… जी, थँक्यू सर. … तेजे, त्या साहेबांनी अभिनंदन सांगितलंय. … मग काय, मार्कावर घेतलं का ताईवर घेतलं? … सांगत न्हाईत व्हय? बरंय. तू मार्कावरच समज. पहाटं उठून तू मिळवल्यात ते, त्यात माझं काय न्हाई. … बरं, चहा माझा हुता. चहापुरतं घेते.

आईला सांगितलंस? … आधी मला? लबाड. कर तिला फोन. मुक्तामावशीकडं पापड लाटायला गेलीय, उचलायला येळ लागंल.

काय? … आजून तितंच आडकलीस? सोड की. … न्हाई सांगत. … हसशील. … शपथ?

इंजिन चालवायचं हुतं मला. … रेल्वेचं गं, दुसरं कुठलं! तात्या लोणावळा स्टेशनला न्यायचे. घाट चढून गाडी आली की डायवर खाली उतरून चहा प्यायचा. मला वाटायचं, एवढी मोठी गाडी वर आणून हा माणूस कसा निवांत फुंकर मारत चहा पितोय. … व्हय, आयटीआयला नंबर बी लागला हुता, इलेक्ट्रिशियनला, त्यावरनंच इंजिनावर भरती हुतीय. … गेले न्हाई. तवाच तात्या… व्हय.

आता कुठलं, वय गेलं भरतीचं. … वाईट? वाटायचं. भोंगा ऐकला की लय वाटायचं. आता न्हाई वाटत.

…

थोडं वाटतं.

अगं रडू नको म्हणलं ना. उलट बरं वाटलं. आईलाबी म्हणले न्हवते कधी. … व्हय. … व्हय, रविवारी सुट्टी घेते, आंबीला ये, बघू. … आले सर! दोन मिनटं! … ठेवते गं, मॅनेजर बोलावतोय. आन् तेजे…

काय न्हाई.

… व्हय. मला बी तुझं लय कौतुक वाटतंय, तेच म्हणायचं हुतं.